रेकॉर्डमध्ये काही नाही

१ सप्टेंबर १९८५, रविवार

घर मिळालं. सकाळी अकरा वाजता दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आईने हट्टाने बांधून दिलेलं पोळपाट-लाटणं घेऊन मी नव्या घरात दाखल झाले. ही वहीदेखील आईनेच दिलेली. रोज दोन ओळी लिहिल्या की डोकं ठिकाणावर राहतं, असं तिचं म्हणणं. माझं डोकं ठिकाणावर असण्याबद्दल तिला पहिल्यापासून शंका आहे.

पिस्कॅटवेच्या शेजारचं हे लहान गाव. युनिव्हर्सिटीची बस कोपऱ्यावर थांबते. घर पांढरं, लाकडी, जरा बुटकं. वरचा मजला माझा: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक मोठी खिडकी, तिच्यासमोर मेपलचं झाड. खाली, अर्धं जमिनीत गेलेलं बेसमेंटचं घर, ते सध्या रिकामं आहे. बसायच्या खोलीत जमिनीत एक लोखंडी जाळी बसवलेली आहे. थंडीत खालच्या फर्नेसची गरम हवा तिथून वर येते म्हणे. आज हवेऐवजी घरमालकीण काकूंचा आवाज आला. खाली झाडता झाडता त्या काकांच्या विसरभोळेपणाची स्वतःशीच तक्रार करत होत्या आणि मला वर शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

काका म्हणजे घरमालक, प्रल्हाद काका. सतरा वर्षं झाली त्यांना या देशात येऊन. राहतात दोन गल्ल्या सोडून. आमची ओळख इंडियन ग्रोसरीत झाली. मी हिंगाची डबी शोधत मराठीत पुटपुटत होते, तर मागून कोणीतरी विचारलं की तुम्ही पुण्याच्या का. पाच मिनिटांत ते काका झाले, पद्मिनी काकू काकू झाल्या आणि आठ दिवसांत मी त्यांची भाडेकरू. ना लीज, ना सही. काका म्हणाले, अगं आपल्या माणसांत कसलं पेपरवर्क. मला तर हायसंच वाटलं.

७ सप्टेंबर, शनिवार

आठवडा बरा गेला. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात पंचवीस मुलं आणि मी धरून चार मुली. प्रोफेसर माझ्या 'मृणालिनी'तला पहिला 'मृ' म्हणताना दर वेळी थांबून श्वास घेतात. शेवटी मीच त्यांना 'लिनी' म्हणायची परवानगी दिली.

काकूंनी थालीपिठाची भाजणी पाठवली. काका मला बँकेत, दुकानात, सगळीकडे ड्राइव्ह करून नेतात. मी नको म्हटलं की रागावतात.

संध्याकाळी मात्र घर अंगावर येतं. हे आईला लिहिणार नाही, म्हणून इथे लिहिते. हॉस्टेलला चार वर्षं एका खोलीत दोघी राहिलो, भांडायला तरी कोणी असायचं. इथे मी भांडं आपटलं तरी 'काय झालं' विचारायला कोणी नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

सुलेखाचा एरोग्राम! हॉस्टेलची माझी सुलेखा. तिच्या नवऱ्याला, श्रीरंगना, इथल्याच लॅबमध्ये दोन वर्षांची जागा मिळाली आहे, आणि १३ ऑक्टोबरला दोघं येताहेत. घर ठरताच मी खालच्या रिकाम्या घराबद्दल लिहिलं होतं, त्यावर बाईसाहेब नुसत्या उड्या मारताहेत. पत्र वाचताना मीही दोनतीन मारल्या.

एकच गोष्ट. श्रीरंग हे औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारे गृहस्थ आहेत. युनिव्हर्सिटीने परदेशी लोकांसाठी पाठवलेल्या पुस्तिकेत त्यांनी वाचलं की इथे घर घेण्यापूर्वी टाउनच्या हाउसिंग ऑफिसात जाऊन घरमालकाचं रेकॉर्ड बघता येतं. कुणी तक्रार केली होती, इन्स्पेक्टर काय म्हणाला, सगळं फाइलमध्ये असतं आणि ती कोणालाही मोफत दाखवतात. तर तू एकदा बघून कळव, असं सुलेखाने लिहिलं आहे. खाली तिच्या गोलगोल अक्षरात: "मृणाल, तू बघितलंस की मला पुरे."

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज हाउसिंग ऑफिसात गेले. आणि कोणाच्या गाडीतून? प्रल्हाद काकांच्या. बसस्टॉपवर उभी होते, ते तिकडूनच चालले होते, दार उघडून 'बस' म्हणाले. कुठे निघालीस विचारल्यावर मी सोशल सिक्युरिटीचं काम आहे असं सांगितलं. सगळी सरकारी ऑफिसं एकाच इमारतीत, ते बाहेर गाडीत थांबले. मी आत जाऊन त्यांचीच फाइल मागितली. घामाने माझा पदर भिजला असता, पण आज पँट होती.

काउंटरवरच्या बाईंच्या चष्म्याला मण्यांची साखळी होती. त्यांनी कपाटं उघडून पाहिली आणि सांगितलं की या पत्त्याची फाइल जागेवर नाही, इन्स्पेक्टरकडे गेली आहे, गुरुवारी या.

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्याला काका म्हटलं त्याची फाइल मागायची म्हणजे त्याच्या घरी जेवून मग ताटाखाली वाकून बघण्यासारखं आहे. 'मिस्टर' असते तर दहा फाइली मागितल्या असत्या. परत येताना काकांनी काम झालं का विचारलं. झालं म्हटलं. त्यांनी वाटेत मला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि मी ते सगळं संपवलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेले नाही. पाऊस होता. दुपारी सेमिनारही होता, पण तो तीनला संपला आणि ऑफिस चारपर्यंत उघडं असतं, म्हणजे सेमिनारचं निमित्त चालणार नाही. गेले नाही कारण जायचं नव्हतं. फाइलमध्ये काही निघालं तर सुलेखा दुसरीकडे घर घेईल, दोन बस बदलून जावं लागेल अशा कुठल्यातरी कॉम्प्लेक्समध्ये, आणि मी इथे पुन्हा एकटी. आणि काही निघालं नाही तर मी उगाच काकांच्या मागे जासुसी केल्यासारखं होईल.

पत्र लिहून टाकलं. त्यात एक ओळ: "ऑफिसात जाऊन आले, रेकॉर्डमध्ये काही नाही." व्याकरणाने वाक्य खरं आहे. ऑफिसात गेले होते. आणि फाइलच नव्हती, म्हणजे काही नव्हतंच की. पत्र पेटीत टाकून आले. स्वतःवर जरा खूश आहे आणि जरा नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आले! काकांनीच एअरपोर्टवरून आणलं. काकूंनी खाली नवीन कार्पेट घालून, चादरी अंथरून, देवासाठी कोनाड्यात पाटसुद्धा ठेवला होता. सुलेखा घरभर फिरली, प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. काय झालं विचारलं तर नेहमीचं उत्तर: "काही नाही गं." हे तिचं ब्रीदवाक्य. हॉस्टेलला ताप एकशे तीन असताना हेच, वडील गेल्याची तार आली तेव्हाही आधी हेच. शेवटचा 'गं' जरा वर उचलून म्हणते.

श्रीरंगनी माझे आभार मानले. मृणालिनी, तुम्ही एवढ्या लांब ऑफिसात जाऊन आलात, असं म्हणाले. मी चहा ओतत होते, मान वर केली नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आम्ही जाळीचा फोन केला आहे. दुपारी चार वाजता सुलेखा खालून छताकडे तोंड करून "चहा" म्हणते आणि मी जिना उतरून खाली. दिवसभर एकटी असते बिचारी. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, गाडी येत नाही, श्रीरंग सकाळी आठला जातात ते साडेपाचला उगवतात. तिने माझ्या सगळ्या पडद्यांना अस्तर लावून दिलं.

इतकं छान कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

थंडी सुरू. सोमवारी काकांनी येऊन फर्नेस चालू केली. खालच्या झोपायच्या खोलीला लागूनच, पट्ट्यांच्या दाराच्या कपाटात ती आहे. सुरू होताना धडधडते, मग जाळीतून ऊब वर येते.

सुलेखाचं डोकं सारखं दुखतं आहे. मळमळतंही. काकू गालातल्या गालात हसून गोड बातमी का विचारून गेल्या. काका म्हणाले की पहिल्या थंडीत सगळ्यांना होतं, हवा ड्राय होते, पाण्याचं भांडं ठेव. तिने ठेवलं.

श्रीरंगना काही होत नाही. ते दिवसभर बाहेर असतात. आणि आज सगळे मॉलमध्ये गेलो तर दोन तासांत हिचं डोकं थांबलं. घरी आलो, पुन्हा सुरू. हे मला दिसलं. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे दिसणारच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज न सांगता बसने गेले. फाइल होती. बघणाऱ्याने आधी कार्डावर नाव आणि तारीख लिहायची असते. माझ्याआधी कार्डावर एकच नाव होतं, १९८२ मधलं. मी सही केली.

जे वाचलं ते लिहून ठेवते. बेसमेंटमध्ये कोणी झोपायचं नाही, तशी परवानगीच नाही. १९७९ : तिथल्या भाडेकरूची तक्रार, चक्कर येते, डोकं दुखतं. १९८२ : फर्नेसचा धुराचा पाइप गंजून सांध्यात सुटला आहे, विषारी वायू घरात येऊ शकतो, ताबडतोब बदला. बदलल्याचा दाखला नाही. या सप्टेंबरात इन्स्पेक्टरने पुन्हा पत्र पाठवलं आहे. त्याचंही उत्तर नाही.

मण्यांच्या साखळीच्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, त्या गुरुवारी सकाळीच आली होती की फाइल, तुमच्यासाठी वरच काढून ठेवली होती.

घरी येताना ठरवलं होतं की बस थांबल्याबरोबर आधी खाली जायचं आणि सांगायचं. दार उघडलं तर सुलेखा शंकरपाळे तळत होती. दिवाळी पुढच्या आठवड्यात. तिने एक गरम शंकरपाळा माझ्या तोंडात घातला. आता सांगायचं तर सप्टेंबरपासून सांगावं लागलं असतं. मी तिला एवढंच म्हटलं की खिडकी जरा उघडी ठेवत जा. ती हसली, म्हणाली वेडी का तू, बाहेर बर्फ पडायच्या बेतात आहे.

दिवाळी होऊ दे. मग सांगते. चार-पाच दिवसांचाच प्रश्न आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी ती पायरीवर बसली होती, उन्हात, शाल गुंडाळून. ओठ विचित्र लाल. मी जिना उतरता उतरता विचारलं की काय झालं. "काही नाही गं."

मला बस गाठायची होती. आणि खरं लिहायचं तर मला ते उत्तर हवंच होतं. उद्या सांगते. उद्या नक्की.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुलेखा गेली.

बुधवारी. ऐन दिवाळीत. साडेपाचला श्रीरंग आले तेव्हा ती पलंगावर आडवी होती, त्यांना वाटलं झोपली आहे. शेगडीवर चहाचं आधण आटून पातेलं काळं झालं होतं. म्हणजे चारच्या सुमाराला ती उठली होती. म्हणजे मला हाक मारणार होती. मी लायब्ररीत होते, मुद्दाम, कारण घरी आले असते तर सांगावं लागलं असतं.

गॅस कंपनीच्या माणसाने पाइप दाखवला. सांधा इतका सुटलेला की बोट जात होतं.

काका लहान पोरासारखे रडले. नशीब, नशीब म्हणत राहिले. काकू श्रीरंगना जवळ घेऊन बसल्या होत्या. श्रीरंगनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. तुम्ही तर रेकॉर्ड पाहिलं होतं ना, त्यात काही होतं का?

सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "काही नाही."

२४ नोव्हेंबर, रविवार

श्रीरंग अस्थी घेऊन भारतात गेले. एअरपोर्टवर मी ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं: मी तुमच्याशी खोटं बोलले. चार शब्द. गाडीत दहा वेळा म्हणून पाहिलं, येत होतं.

ते वळून म्हणाले, मृणालिनी, काही सांगायचंय का. मी तोंड उघडलं. "काही नाही गं."

गं. श्रीरंगना. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्या 'गं'ला शेवटी उचल होती. मी तसा 'गं' कधी म्हणत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

काल दुपारी चार वाजता जाळीतून हाक आली. "चहा."

लख्ख ऊन होतं खोलीत. मी पुस्तक घेऊन बसले होते आणि सवयीने उठून दारापर्यंत गेलेसुद्धा. मग आठवलं. खालच्या दाराला टाउनचा, राहायला बंदी असल्याचा लाल कागद चिकटवलेला आहे, कुलूप आहे, आत कोणी नाही.

जाळीवर ओणवी होऊन विचारलं, काय झालं सुलेखा. ऊब तोंडावर आली. आणि खालून, अगदी जवळून, काही नाही गं.

हे घर सोडायला हवं हे कळतं. पण कुठे जाऊ, आणि का म्हणून जाऊ. ती खाली असताना मी वर मजेत होते. आता तसंच राहावं.

बोलता येत नाही, पण लिहिता येतं आहे. हातातून खरं उतरतं. श्रीरंगना पत्र लिहिलं, तीन पानं, सप्टेंबरपासून सगळं. स्वतः पाकिटात घातलं, स्वतः चिकटवलं, स्वतः पेटीत टाकलं. आज पहिल्यांदा जेवले.

१० डिसेंबर, मंगळवार

इन्स्पेक्टर आले होते. काकांनी त्यांना सांगितलं आहे की बेसमेंट भाड्याने दिलंच नव्हतं, ती दोघं माझे पाहुणे होते. काल काकू येऊन माझा हात धरून म्हणाल्या, बाळ, आपल्या माणसांत असतं एकमेकांचं सांभाळून घेणं, जाणारी गेली.

इन्स्पेक्टरनी कार्ड पुढे केलं. माझी सही, ८ नोव्हेंबर. ती जाण्याआधी पाच दिवस. विचारलं, तुम्ही फाइल पाहिली होती, तुम्हाला काय माहीत होतं, ते भाडेकरू होते की पाहुणे, काही सांगायचं आहे का.

मी टेबलाची कड धरली. भाडेकरू, एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"नथिंग," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं. आता फाइलमध्ये तेही आहे. माझ्या नावासमोर, नथिंग.

१८ डिसेंबर, बुधवार

रोज चार वाजता. चहा.

काकांनी मागच्या महिन्यातच पाइप दुरुस्त केला म्हणतात. आज कुलूप उघडं राहिलं होतं, खाली जाऊन कपाटाच्या पट्ट्यांच्या फटीतून पाहिलं. तोच पाइप. सांध्यावर चंदेरी टेप गुंडाळली आहे. टेपचं एक टोक आत्ताच सुटून लोंबतं आहे —

डोकं दुखतं. खिडकी उघडी ठेवते. सकाळी बंद असते. मीच बंद करत असेन. करत असेन ना?

२७ डिसेंबर, शुक्रवार

श्रीरंगचं पत्र. चार ओळी. तुमचं पाकीट मिळालं, आत काही नाही. घाईत कागद घालायचा राहिला असावा. काय लिहिलं होतं ते सवडीने कळवा. सुलेखा तुमच्याबद्दल नेहमी म्हणायची, मृणालने बघितलं की मला पुरे.

मी तीन पानं घातली होती. चिकटवताना बोट कापलं होतं कागदाने. अजून खूण आहे.

घातली होती —

३० डिसेंबर, सोमवार

लाल कागद काढला. काकांनी स्वतः, नखाने खरवडून. खालचं घर पुन्हा —

विनय नावाचा मुलगा नागपूरचा. बायको संध्या. दीड वर्षाची मुलगी. ग्रोसरीतच भेटले काकांना. शनिवारी येणार राहायला.

विनयचा फोन आला मला. खूप अदबीने बोलला. ताई, आम्हाला कुणीतरी सांगितलंय की घरमालकाचं रेकॉर्ड चेक करावं, पण काकांचं कसलं चेक करायचं, ऑकवर्ड वाटतं. तुम्ही तिथेच राहता. तुम्हीच सांगा, प्रॉब्लेम काही नाही ना?

फाइल बघा. एवढंच म्हणायचं होतं. फाइल बघा. फा. ओठ जुळवले.

मी काय म्हणाले ते ऐकलं मी. सुलेखाच्या आवाजात.

त्याचा जीव भांड्यात पडला. थँक्यू ताई म्हणाला.

२ जानेवारी १९८६, गुरुवार

आता ती विचारते. मी नाही, ती. चार वाजता. काय झालं मृणाल —

आणि मी उत्तर देते. किती वेळा दिलं आज. मोजत नाही.

विनयसाठी चिठ्ठी लिहून खालच्या दारात सरकवली. तासाने जाऊन पाहिलं. कागद तिथेच. कोरा. दुसरी लिहिली. कोरी. पेन ठीक आहे. या वहीत उमटतं. फक्त याच वहीत.

मग ही वहीच द्यायची. सगळं आहे हिच्यात. १४ सप्टेंबरपासून. संध्याच्या हातात ठेवायची. बोलायचं नाही. तोंड उघडायचंच नाही. मला कोण काय म्हणेल ते म्हणू दे. मीच मारलं तिला, आळसाने आणि एकटेपणाने. हेही आहे आता वहीत. वाचू दे.

४ जानेवारी, शनिवार

दुपारचे पावणेचार. आले आहेत. गाडी दारात. काका बॅगा उतरवताहेत. काकूंनी कोनाड्यात पाट —

मुलीला लाल टोपी. खाली पळते आहे. जाळीतून पावलं ऐकू येतात, धप धप. फर्नेस सुरू झाली.

वही हातात आहे. लिहीत राहते, म्हणजे तोंड गप्प राहील. लिहीत राहिलं की —

जिन्यावर कोणीतरी. संध्याच. चहाला बोलवायला आली असेल, चार वाजले. दार उघडंच आहे. उभी आहे. हसते आहे. मुलगी कडेवर.

विचारते, ताई, काय लिहिताय एवढं.

नुसता हात पुढे करायचा. वही द्यायची. बोलायचं नाही.

हात हलत नाही. फक्त लिहितो.

तिचं हसू थांबलं. जवळ येते आहे. म्हणते, ताई, तुम्हाला बरं नाही का, काय झालं?

काय झालं विचारू नकोस संध्या, वाच, हे वाच, खाली तिला झोपवू नकोस, खाली

जाळीतून उत्तर आलंसुद्धा. शेवटी जरा उचललेलं. संध्याला ते ऐकू आलं नाही, ती माझ्याकडेच बघते आहे, माझ्या तोंडाकडे, आणि माझे ओठ